भरलेली वाटी

“हात वरून नका नेऊ! वरून येते ती घार, हे त्या पिंजरेवाल्यानं तुम्हाला सांगितलं होतं की मला?”

मिस्त्रींचा हात मनगटापर्यंत पिंजऱ्यात गेला होता आणि आतला हिरवा पक्षी या जाळीवरून त्या जाळीवर आपटत होता. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मागे न बघता तिला सगळं कसं दिसतं, हे कोडं मिस्त्रींना लग्नापासून सुटलेलं नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला, बोट आडवं धरलं आणि श्वास रोखून उभे राहिले. पक्ष्याने मान वाकडी करून बोटाकडे पाहिलं, दांडीवरून एक पाऊल पुढे टाकलं आणि कडकडून चावला.

“चावला ना? अक्कल आहे हो त्याला.”

चावल्याचं मिस्त्रींना कळलं ते रक्त दिसल्यावर. तीस-पस्तीस वर्षं विजेच्या जळक्या मोटारी सोडवून त्यांत नवी तार भरायचं काम केलं की बोटांची टोकं बोटांची राहत नाहीत. केसाइतकी बारीक तांब्याची तार रोज त्यांच्यावरून शेकडो फेरे घेते आणि कातडीचं चामडं करून टाकते. पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, जे काही गरगर फिरतं ते सगळं बिघडल्यावर मिस्त्रींच्या पुढच्या खोलीत येऊन पडायचं. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. त्या पडद्याचा बायकोच्या आवाजापुढे काही उपयोग नव्हता.

गल्लीत तिला ‘भोंगा’ म्हणत. कोपऱ्यावरची गिरणी बंद पडली आणि तिचा भोंगा गेला, तरी गल्ली वेळेवर उठत होती ती मिस्त्रीणबाईंमुळे, असा शेजारच्या शिंप्याचा ठरलेला विनोद होता. ती दूधवाल्याशी भांडायची, नळाशी भांडायची, हरवलेल्या चमच्याशी भांडायची. मनात काही ठेवायची नाही, हा तिचा एक गुण, आणि दुसऱ्याच्या मनात काही शिल्लक ठेवायची नाही, हा दुसरा.

पक्षी आणला होता लेकीने. ती दूरच्या शहरात नोकरीला. मागच्या खेपेला आली तेव्हा दोघांना बाजारात नेऊन पिंजराच घेऊन आली. “तुम्हा दोघांत तिसरं कुणीतरी असावं, आई,” ती म्हणाली. पिंजरेवाल्याने त्याला बजी म्हणतात म्हणून सांगितलं होतं, पण या घरात तो पहिल्या दिवसापासून पोपटच झाला.

“एक आहे की आधीच घरात,” बायको म्हणाली होती. “तोही असाच. खातो, झोपतो, बोललेलं कळत नाही. याला निदान पंख तरी आहेत.”

लेक हसून हसून आडवी झाली. मिस्त्रीही हसले. पण त्याच संध्याकाळी त्यांनी सहज म्हटलं, की माणसाळला की हा माझ्या हातावर बसेल, तेव्हा बायको लगेच म्हणाली, “तुमच्या हातावर? एवढा आंधळा नाहीय तो.”

हे वाक्य मात्र मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. याआधी तिची याहून वाईट हजार वाक्यं बोलून झाली होती, ती सगळी पालथ्या घड्यावर पाणी. हे लागलं, कारण ते खरं होतं. लेक तान्ही असताना त्यांच्या कडेवर कधी टिकली नाही. मोटारीच्या तारेवर चढवायच्या वॉर्निशचा वास, खरखरीत हात. पोर घेतल्या घेतल्या टाहो फोडायची आणि आईकडे झेपावायची. मोठी झाल्यावरही काय हवं-नको ते आईला. गिऱ्हाईक पंखा ठेवायचं आणि जायचं. जन्मात एकदा तरी कुणीतरी आपण होऊन आपल्याकडे यावं, न बोलावता, न ओढता, एवढंच मिस्त्रींना हवं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. या वयात सांगण्यासारखं ते नव्हतंही.

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. दुकानाची फळी लावली की मिस्त्री दोनदा साबणाने हात धुवायचे, पिंजरा खिडकीतल्या स्टुलावर आपल्या डोळ्यांच्या पातळीला ठेवायचे आणि राळ्याचं कणीस हातात धरून बसून राहायचे. पिंजरेवाला म्हणाला होता, की घाई करायची नाही, त्याच्याशी बोलत राहायचं, आवाज ओळखीचा झाला की हात ओळखीचा होतो. आता पक्ष्याशी बोलायचं काय? मिस्त्रींना माणसांशी बोलायची सवय नव्हती. म्हणून ते त्याला दिवसभराचं काम सांगायचे.

“आज एक टेबल फॅन आला बघ. नुसती खरखर. मालक म्हणतो मोटर गेली. मोटर कसली जाते? बेअरिंग कोरडं पडलेलं. दोन थेंब तेल घातलं, गप्प झाला.”

पक्षी मान तिरपी करून ऐकायचा. आतून आवाज यायचा, “इतकं माझ्याशी बोलला असतात, तर मला भोंगा कोण म्हणालं असतं?”

तिला ते नाव ठाऊक आहे, हे मिस्त्रींना तोवर माहीत नव्हतं.

हात धरून बसायचं काम मिस्त्रींचं आणि बाकी सगळं बायकोचं, हे वेगळं सांगायला नको. पाणी बदलणं, खालचा कागद बदलणं आणि सकाळी दाण्याची वाटी काढून खिडकीत नेऊन फुंकणं. ती फुंकर म्हणजे वादळच. फूऽऽ केलं की कोंडा पार शिंप्याच्या पायरीपर्यंत. वर तोंड चालूच. “घरभर कचरा. हे बसणार गप्पा मारत. किती सांगा, नळी फुंकली सोनारे आणि इकडून तिकडे गेले वारे!” तरी वाटी फुंकली नाही असा दिवस जायचा नाही.

हळूहळू पक्षी वळायला लागला. आधी जाळीबाहेर धरलेलं कणीस मान लांब करून ओढायला लागला. मग हात आत गेला तरी आपटायचा बंद झाला, नुसता पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. एक दिवस त्याने कणसाचे दाणे टिपता टिपता डावा पाय मिस्त्रींच्या बोटावर टेकला, आणि चूक झाल्यासारखा पटकन उचलून घेतला. मिस्त्रींना त्या रात्री जेवण गोड लागलं.

याच दिवसांत केव्हातरी घर शांत व्हायला लागलं.

आधी सकाळचा भोंगा बंद झाला. मग दूधवाला न भांडता दूध घालून जायला लागला. ती दुपारची आडवी व्हायला लागली, मग सकाळचीही. ताटात अन्न उरायला लागलं. मिस्त्रींनी एकदा विचारलं, “बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय?” ती म्हणाली.

आवाज नेहमीचा होता. मिस्त्रींनी म्हटलं, चला, ठीक आहे. दुखणं अंगावर काढायची तिची जुनी खोड होती आणि डॉक्टर हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. “डॉक्टरच्या पायरीवर मी उभी नाही राहणार. आडवी नेलीत तर न्या,” हे तिचं ठरलेलं उत्तर. ते ऐकायला लागू नये म्हणून माणूस विचारायचंच टाळतो.

आणि खरं सांगायचं तर मिस्त्री सुखात होते. सुंठीवाचून खोकला गेला होता. जेवताना टोमणा नाही, दुकानात मागून हाक नाही, संध्याकाळी पक्ष्याशी बोलत बसलं तर आतून शेरा नाही. इतक्या वर्षांनी बाईला वयाने शहाणपण दिलं, असं त्यांनी धरून चाललं. त्यांच्या धंद्यात हेच तर होतं. गिऱ्हाईक येतं ते आवाजाची तक्रार घेऊन. आवाज गेला की काम झालं, माल उचला. शांत झालेली गोष्ट पुन्हा उघडून कोण बघतो?

“मिस्त्री, वहिनी हल्ली अगदी निवळल्या,” शिंपी एकदा मशीनवरून मान न उचलता म्हणाला. “केलंत काय?”

“ऑइलिंग केलं,” मिस्त्री म्हणाले. दोघेही पोट धरधरून हसले. पडद्याआड ते ऐकू गेलं असणार, पण आतून काही आलं नाही.

पक्षीही शांत झाला होता. पूर्वी पहाटे कलकलाट करायचा, तो थांबला. आरशाला चोच मारणं थांबलं. पिंजऱ्यात हात घातला तर कोपऱ्यात पळणंही थांबलं. मिस्त्री रोज वाटीकडे बघायचे. वाटी काठोकाठ भरलेली. खातो कमी हल्ली, पण भूक नसेल. वर चिमूटभर दाणे टाकून ते वाटी परत ठेवायचे. मग त्यांनी राळ्याचं कणीसही बंद केलं. पोट भरलेलं असताना लाच कशाला?

रविवारी दुपारी त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मोकळं बोट खालून, अगदी पोटाजवळ नेलं. पक्ष्याने बोटाकडे पाहिलं. मग एक पाय ठेवला. मग दुसरा. मिस्त्रींनी हात हळूहळू बाहेर काढला. तो उडाला नाही. त्याने पिसं फुलवली, कापसाच्या बोंडाएवढा गोल झाला आणि त्यांच्या बोटावर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले.

मिस्त्री कितीतरी वेळ हलले नाहीत. हात भरून आला तरी नाही. वाटी भरलेली होती, कणीस नव्हतं, म्हणजे हा दाण्यासाठी आला नव्हता. हा आपण होऊन आला होता. माझ्याकडे. डोळे मिटून झोपण्याइतका विश्वास! त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला दुसरा हात उचलायचीही त्यांना भीती वाटली.

“अगं, बघ! बघ तर खरं!”

ती कॉटवर कोपरावर टेकून उठली. बराच वेळ बघत राहिली.

“बसला हो,” ती म्हणाली. “शेवटी बसला. छान.”

आणि परत आडवी झाली. मिस्त्रींना वाटलं, हरली. मोठ्या मनाने हरली. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

असा आनंद घरात मावत नाही. संध्याकाळी ते पक्ष्याला तसंच बोटावर घेऊन बाहेर पडले. पिंजरा नाही, दोरा नाही. शिंप्याने मशीन थांबवलं. “उडत नाही?” “माणसाळला!” मिस्त्री म्हणाले. रस्त्यात गाड्यांचे हॉर्न वाजत होते, लोक वळून बघत होते, आणि पक्षी डोळे अर्धवट मिटून बोटावर बसला होता. पुलाखाली पिंजरेवाल्याची जागा. मिस्त्रींनी लांबूनच हात पुढे केला.

“ओळखलंस का? तुझाच माल. कसा बसलाय बघ!”

पिंजरेवाला दाणे पाखडत होता. त्याने सूप खाली ठेवलं आणि पक्ष्याकडे पाहिलं. हसला नाही.

“काका, किती दिवस असा बसतोय?”

“आज बसला. दोन-तीन आठवडे झाले, अगदी शहाण्यासारखा वागतोय. चावत नाही, ओरडत नाही...”

“इकडे द्या.”

त्याने पक्षी मुठीत घेतला, उलटा केला आणि छातीवर हलकेच फुंकर मारली. पिसं दोन बाजूंना झाली. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. दोन्ही बाजूंना मांस नव्हतंच.

“हा माणसाळला नाही, काका. याच्यात उडायचं त्राण नाही. खायला देत नाही का?”

“देत नाही म्हणजे? वाटी कायम भरलेली असते!”

“भरलेली कशानं? हे दाणा सोलून खातात आणि फोलपट वाटीतच टाकतात. वरून वाटी भरलेली दिसते, खाली दाणा नसतो. रोज फुंकायची ती. फुंकता की नाही?”

“ती फुंकते,” मिस्त्री म्हणाले. “आमच्या घरी ती...”

आणि तिथेच थांबले.

शिंप्याच्या पायरीवर कोंडा केव्हापासून दिसला नव्हता? खिडकीतून ते फूऽऽ केव्हापासून ऐकू आलं नव्हतं?

“पक्षी दुखणं लपवतो, काका,” पिंजरेवाला सांगत होता. त्याने सुपातले चार दाणे पक्ष्याच्या चोचीशी धरले, चोच उघडली नाही. “चावतोय, ओरडतोय, तोवर काही भीती नसते. निमूट झाला की समजायचं. लोक उलटंच समजतात. ऊब द्या रात्रभर. बघा. पण मी काही सांगत नाही.”

मिस्त्रींनी पक्षी दोन्ही तळहातांत घेतला आणि घराकडे निघाले. आधी चालत, मग जवळजवळ पळत. मोटारीचं त्यांना सगळं कळत होतं. खरखरणाऱ्या मोटारीला दोन थेंब तेल पुरतं. जी घरघरते, हूं करते, फिरायला धडपडते, तिच्यात जीव असतो. बटण दाबलं आणि काहीच आवाज आला नाही, तर मात्र आतली तार जळलेली असते. ‘मेली’ म्हणतात धंद्यात. हे रोज दहा गिऱ्हाइकांना सांगणाऱ्या माणसाने घरात मात्र आवाज गेल्याचा आनंद केला होता. ऑइलिंग म्हणाला होता. मिस्त्रींना रस्त्यातच स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

शिंप्याच्या दारात दिव्याच्या उजेडात त्यांनी ओंजळ उघडली. पक्षी गेला होता. केव्हा गेला ते त्या बोटांना कळलं नव्हतं.

घरात दिवा लागलेला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मिस्त्रींनी दिवा लावला, पक्षी रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि कॉटच्या कडेला बसले.

“अगं, तो गेला.”

“कोण?”

“पोपट. उपाशी गेला. वाटीत नुसती फोलपटं होती, मी बघितलंच नाही. मला वाटलं, माझ्या हातावर बसला.”

एवढं बोलून ते थांबले. या घरात कुठल्याही वर्षी, कुठल्याही दिवशी हे वाक्य बोललं असतं तर गल्ली गोळा झाली असती. मुक्या जिवाला मारलंत, डोळे आहेत की खाचा, लेकीला काय तोंड दाखवणार, सगळं सगळं. मिस्त्री मान खाली घालून त्याची वाट बघत होते. त्यांना ते हवं होतं.

ती कुशीवर वळली. एवढ्यानेही तिला धाप लागली.

“माझंच राहिलं हो,” ती म्हणाली. “फुंकायला दम पुरेना. सांगू सांगू म्हणत राहूनच गेलं.” मग दम घेऊन म्हणाली, “तुमची काही चूक नाही. तुम्ही फार मायेनं बोलायचात त्याच्याशी. मी ऐकायची रोज.”

तीस-पस्तीस वर्षांत तिच्या तोंडून असं वाक्य आलं नव्हतं. ते यावं म्हणून मिस्त्रींनी कधी काळी काय काय केलं होतं. आता आलं, तेव्हा ते नको होतं.

“केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“दम पुरत नाही ते.”

“झाले बरेच दिवस.”

मिस्त्रींनी हात तिच्या पाठीवर ठेवला. किती वर्षांनी ठेवला, कोण जाणे. ब्लाउजच्या कापडाखाली पाठीचा एकेक मणका बोटांना लागत गेला. या बोटांनाही लागला.

“दवाखान्यात जाऊ,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. शिंप्याला सांगून गाडी बोलावतो.”

आणि त्यांनी अंग आवळून घेतलं. आता उठेल, आता आवाज चढेल, आता पायरी आणि उभी आणि आडवी, सगळं काढेल.

“बरं,” ती म्हणाली.

नुसतं बरं. मग तिने पाय कॉटखाली सोडले आणि ती पायानेच चपला चाचपायला लागली. मिस्त्री खाली बसले. एक चप्पल समोरच होती, दुसरी कॉटखाली लांब गेली होती. ती ओढून काढून त्यांनी तिच्या पायात घातली. पट्टा पूर्वी तिला घट्ट व्हायचा, त्यावरून ती चांभाराशी भांडून आली होती. आता पाय त्यात सैल फिरत होता.

ते तसेच खाली बसून राहिले, तिचा पाय हातात धरून.

“नाही म्हण ना गं,” ते म्हणाले. “एकदा तरी नाही म्हण.”

तिने पाय चपलेत नीट सरकवला.

“चला,” ती म्हणाली आणि उठण्यासाठी तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा भार येईल म्हणून मिस्त्रींनी गुडघा जमिनीत रोवला, दुसरा हात कॉटला टेकला आणि वाट बघत राहिले. भार असा आलाच नाही, बोटावर पक्षी बसावा तेवढंच काही खांद्याला लागलं. मान वर करून बघितलं, तर ती उभी राहिली होती.